सत्तरचा हादरा

सावंगी मागं पडली की जालन्याच्या फाट्यापर्यंत समृद्धी महामार्गावरून खाली उतरायला वाट नाही, आणि आदिनाथची गाडी नेमकी त्याच पट्ट्यात थरथरायला लागायची.

पहिल्यांदा झालं ते संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात. वाळूजच्या एका कारखान्यातले लोखंडी सुटे भाग लाकडी पेट्यांत भरलेले, अठरा टन माल, आणि पोचवायचा होता बुटीबोरीला. सकाळचे दहा वाजलेले, रस्ता मोकळा. काटा पासष्टच्या पुढं सरकला तशी बुडाखालची सीट गुरगुरायला लागली. आदिनाथला वाटलं, काँक्रीट खरबरीत असंल. पण सत्तरला बाजूचा आरसा हलायला लागला. आरशात मागून येणाऱ्या एका पांढऱ्या कारच्या दोन दिसायला लागल्या. मांड्या, पाठ, दाढा, सगळ्यांतून एक बारीक हादरा फिरत राहिला. दोन-तीन मिनिटं. मग आपोआप सगळं गप्प. गाडी अशी चालायला लागली की जणू काही झालंच नव्हतं. त्यानं श्वास सोडला आणि दहा किलोमीटरवर पुन्हा तेच.

पंचावन्नवर आणली की हादरा थांबायचा. पण पंचावन्नवर चालवणं त्याच्या हातात नव्हतं. गाडीत वेग ऑफिसात दाखवणारं यंत्र बसवलेलं, माल उतरवायची वेळ ठरलेली. साठच्या खाली दहा मिनिटं गेली की ऑफिसातून फोन यायचा, "आदिनाथभाऊ, गाडी स्लो का दिसतीय?" वर गेलं तर हादरा, खाली आलं तर फोन. दोन्ही अंगांना तारेचं कुंपण, आणि थांबलं तर गस्तीची गाडी हजर.

आदिनाथ अठ्ठेचाळीस वर्षांचा. खुलताबादच्या डोंगरावरच्या वस्तीवरचं धनगराचं घर. बाप मल्हारराव आयुष्यभर मेंढरांमागं फिरला. आदिनाथ मात्र विशीतच क्लीनर म्हणून ट्रकवर चढला, मग ड्रायव्हर झाला, आणि एकवीस वर्षं स्टेअरिंगवरून उतरला नाही. बजाजनगरला दोन खोल्या, बायको ज्ञानेश्वरी एका कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटायला जायची. एकवीस वर्षांत त्याच्या गाडीखाली कुत्रंसुद्धा आलं नव्हतं, आणि हे तो कुणाला सांगत नसे, पण मनात धरून होता.

गाडी तात्यासाहेबांची. वाळूजला त्यांचा यार्ड, अकरा ट्रक. आणि अकराही ट्रकांची दुरुस्ती सांडू मिस्त्रीकडं. मिस्त्रीचं गॅरेज बजाजनगरच्या मागं, रांजणगावच्या रस्त्याला. साठी ओलांडलेला, फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातला माणूस. शेती भावाच्या हवाली करून चाळीस वर्षांपूर्वी शहरात आला तो गाड्यांच्या पोटाखाली शिरला. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाच्या आत काय चाललंय ते सांगायचा. हाताखालचे दोघं कारीगर कंपनीत लागल्यापासून एकटाच काम करायचा.

आदिनाथनं सगळं सांगितलं. मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि कामाला लागला. पुढची चाकं मागं, मागची पुढं. बॅलन्सिंग करून आणलं. नट आवळले, बेअरिंग हलवून बघितली, स्प्रिंगच्या पट्ट्या बघितल्या. मग रिकामी गाडी घेऊन दोघं लिंक रोडनं चक्कर मारून आले.

"मला तर काय जाणवत नाय," मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, इथं नाय हो जाणवत. तिकडं, सावंगीच्या पुढं."

"गाडीला काय ठावं सावंगी आली म्हणून?"



पुढच्या खेपेला हादरा आला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला आला, तोही दोनदा. येताना रिकाम्या गाडीत कधीच नाही. त्यानं पुन्हा तक्रार केली तेव्हा तात्यासाहेबांनी एका फेरीला गाडी बन्सीच्या ताब्यात दिली. बन्सी त्यांचा दुसरा ड्रायव्हर, चाळिशीचा, बडबड्या. तो प्लास्टिकचे रिकामे क्रेट घेऊन नागपूरला जाऊन आला आणि यार्डात उतरल्या उतरल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लोण्यावानी चालती गाडी! पंच्याहत्तरला बी चहा सांडला नाय."

त्या दिवशी तात्यासाहेबांनी आदिनाथला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आदिनाथ, मालक म्हणून नाय, थोरला भाऊ म्हणून बोलतो. नागपूरचा कंटाळा आला असंल तर तसं सांग. उगा गाडीवर ढकलू नको."

"तात्यासाहेब, कंटाळा नाय हो. गाडी हादरती."

"मिस्त्रीला कळंना, बन्सीला कळंना. तुला एकट्यालाच कळतंय?"

तो प्रश्न आदिनाथ घरी घेऊन आला.

फेब्रुवारीत बुटीबोरीला माल उतरवल्यावर पोच-पावतीवर सही करायची होती. तिथला कारकून पोरगेला, पण कडक. त्यानं कागद परत सरकवला. "काका, ही सही मागच्याशी जुळत नाही. नीट करा." आदिनाथनं पुन्हा केली. 'आ' चा काना नदीसारखा वळणं घेत खाली उतरला. तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि सही केली. मग गाडीत येऊन बसला, इंजिन बंद, गाडी उभी, आणि उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचं बोट हळूहळू, आपल्याच नादात थरथरत होतं.

आप्पांचं, म्हणजे मल्हाररावांचंही, असंच सुरू झालं होतं. पन्नाशी लागली त्या साली लोकर कातरताना कातर हातातून घसरली आणि मेंढीच्या कातडीला लागली. मग दुसऱ्या मेंढीला. वस्तीवरचे लोक म्हणाले, म्हातारा प्यायला लागला. म्हाताऱ्यानं जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. अंगारे झाले, तेलं चोळून झाली, डॉक्टरकडं कुणी नेलं नाही. आता अडुसष्टाव्या वर्षी आदिनाथची माय म्हाळसाबाई त्यांना हातानं भरवायची, आणि राहिलेली वीस-बावीस मेंढरंही तीच राखायची.

त्या दिवसापासून आदिनाथ एका कोंडीत सापडला. बन्सीला जाणवत नाही, मिस्त्रीला जाणवत नाही, जाणवतं ते आपल्या एकट्याला. म्हणजे हादरा गाडीत नाहीच. तो आपल्या हातातून स्टेअरिंगमध्ये उतरतो, स्टेअरिंगमधून अंगात परत येतो. गाडी खराब निघाली तर आपण धडधाकट. गाडी चांगली निघाली तर आपली गत आप्पांसारखी. कुणाला सांगावं तर लायसन्स गेलं, गाडी गेली. न सांगावं तर अठरा टन घेऊन सत्तरच्या वेगानं पळायचं, हातावर भरवसा नसताना.

तो मनापासून मागायला लागला, गाडी बिघडलेलीच निघू दे. ड्रायव्हर असून. सावंगी मागं पडली की तो वाट बघायचा आणि हादरा आला नाही तर त्याची नजर उजव्या हाताकडं जायची.

घरी तो चहा स्टीलच्या पेल्यातून, दोन्ही तळव्यांत धरून प्यायला लागला. बाहेर निघाला की उजवी मूठ खिशात. ज्ञानेश्वरी हे बघायची.

मार्चच्या सुरुवातीला त्याला एक युक्ती सुचली. पाण्याची अर्धी भरलेली बाटली त्यानं केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणावर, आपल्यापासून हातभर लांब ठेवली. पाणी तर आपल्या हातात नाही. ते हललं तर गाडी हलली.

अडुसष्टला पाण्यावर बारीक रेघा उठल्या. आदिनाथला एवढा आनंद झाला की तो एकट्यानंच हसला. "बघा! बघा म्हणावं आता!" त्यानं रेस वाढवली. सत्तर, एकाहत्तर. चढाचा रस्ता होता, गाडी माल ओढत होती, आणि हादरा कधी नव्हे एवढा वाढला. झाकण थडथडायला लागलं. बाटली सरकत सरकत कडेला आली आणि त्यानं हात घालायच्या आत खाली पडली. गडगडत त्याच्या पायांत आली आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसली.

समोर शे-दीडशे फुटांवर एक कंटेनर होता आणि त्याचे मागचे लाल दिवे त्याच वेळी लागले.

आदिनाथनं ब्रेक दाबला. पेडल अर्ध्यात अडलं. पाय उचलून टाच आत घातली, बाटली फिरली, पुन्हा तिथंच. डावीकडं कुंपण, उजवीकडून भरधाव गाड्या. त्यानं चप्पल झटकली, डाव्या पायाच्या अंगठ्यानं बाटलीचं तोंड ओढलं आणि ती सीटखाली लाथाडली. मग ब्रेक लागला. मागं हौद्यात पेट्या धडाधड पुढं सरकल्या. कंटेनरचं दार काचेसमोर केवढंतरी मोठं झालं आणि तिथंच थांबलं. कंटेनर पुढं निघून गेला, त्याला काही कळलंही नसेल.

आदिनाथनं गाडी कडेला घेतली. खाली उतरून कुंपणाला धरून उभा राहिला. पलीकडं कुणाचा तरी गहू कापणीला आलेला, एक बाई बांधावरून त्याच्याकडं बघत होती. बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागलं असतं आणि ओरडून सांगण्यासारखं काही नव्हतं.

पाच मिनिटांत गस्तीची गाडी आली.

"काय झालं? इथं थांबायचं नाही."

"साहेब, गाडी हादरतीय."

त्यातला एक जण खाली उतरला, गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली. "उभी गाडी काय हादरणार? टायर चांगले आहेत. चला, काढा."

आणि त्याला काढावी लागली. पुढचे सव्वातीनशे किलोमीटर त्यानं अठ्ठावन्नवर काढले आणि ऑफिसचे अकरा फोन घेतले.

परत आल्यावर तो यार्डात गेलाच नाही, थेट गॅरेजला गेला. सांडू मिस्त्री एका टेम्पोखाली होता. आदिनाथ खाली बसला आणि त्याच्या पायांशी बोलला.

"मिस्त्री, माझ्यासंगं बसा. भरल्या गाडीत. एकदाच."

"गॅरेज कोण बघंल?"

"मी तुमच्या पाया पडतो. माझ्या डोक्यात बिघाड हाय का गाडीत, एवढं सांगा."

टेम्पोखालून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाला, "तात्यासाहेबाला इचार. मी येतो."

तात्यासाहेबांनी हो म्हटलं, पण अट घालून. "एकदाच. यात काय निघालं नाय तर हा विषय संपला, आणि गाडी बन्सीकडं."

बुधवारी सकाळी निघाले. मिस्त्रीनं केबिनमध्ये बसल्या बसल्या चपला काढल्या, तळवे पत्र्यावर टेकवले आणि डोळे मिटले. माळीवाड्याला समृद्धीवर चढले, सावंगी आली, गेली. पासष्ट. अडुसष्ट. काही नाही. सत्तर. काही नाही. आदिनाथच्या कानशिलावरून घाम निथळायला लागला. आज नेमका नाही. आज नेमका—

बारीक चढ लागला. सीट गुरगुरली.

आदिनाथला बोलायची भीती वाटली. त्यानं फक्त रस्त्याकडं बघत रेस तेवढीच ठेवली. आरसा हलायला लागला.

"मिस्त्री," तो शेवटी म्हणाला, "जाणवतंय?"

सांडू मिस्त्रीनं डोळे उघडले नाहीत. "व्हय. दाढांपर्यंत."

आदिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा रस्ता दिसावा म्हणून त्यानं बाहीनं पुसलं.

"आता मी सांगतो तसं कर," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, अंगात हुशारी आली होती. "गेअर एक खाली घे. वेग तेवढाच ठेव."

आदिनाथनं गेअर बदलला. इंजिन ओरडलं, हादरा तसाच राहिला.

"म्हंजे इंजिन नाय. इंजिनाचा असता तर इंजिनासंगं बदलला असता. आता रेस सोड."

पाय उचलताच हादरा निम्म्यानं उतरला.

"दे परत."

पुन्हा चढला.

"चाक नाय," मिस्त्री म्हणाला. "चाक काय तुझी रेस बघून हलत नाय. ओढ पडली की वाढतंय, सोडलं की कमी होतंय. हे मधलं दुखणं हाय. इंजिनाकडून मागच्या चाकांकडं जो लांब शाफ्ट जातो ना, त्याचं. रिकामी गाडी, सपाट रस्ता, बन्सीचे क्रेट, यात त्याला ओढच पडत नव्हती. कसं कळंल?" मग त्यानं डोळे उघडले, समोर बघितलं आणि विचारलं, "जालना किती राहिलं?"

आदिनाथ चकित झाला. हिरवी पाटी बैलगाडीएवढी मोठी, समोरून आत्ताच गेली होती. "बारा," तो म्हणाला.

जालन्याच्या फाट्याला मिस्त्री उतरला आणि एसटीनं परत गेला. आदिनाथ माल टाकून आला आणि शुक्रवारी दुपारी गाडी गॅरेजच्या पिटवर, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यावर, चढवली. दोघं खाली उतरले. मिस्त्रीनं डिझेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन शाफ्टवरचं ग्रीस आणि चिखलाचं कवच खरवडायला घेतलं. सांध्यातला चौफुलीसारखा लोखंडी क्रॉस हलवून बघितला, तो खडखडला. मधल्या बेअरिंगचं रबर फाटून लोंबत होतं.

"हे तर झालं," मिस्त्री म्हणाला, "पण हे आपोआप नाय फाटायचं." तो पुन्हा घासायला लागला. शाफ्टच्या दोन तुकड्यांवर कारखान्यातच खुणा कोरलेल्या असतात, बाणासारख्या. जोडताना दोन्ही बाण एका रेषेत यायला पाहिजेत. नाही आले तरी शाफ्ट बसतो, फिरतोही, पण लंगडत फिरतो आणि दोन-तीन महिन्यांत रबर फाडतो.

मिस्त्री तोंड अगदी जवळ नेऊन बघत होता, मग नखानं चाचपायला लागला.

"आदिनाथ, बॅटरी धर. बाण कुठं दिसतोय?"

"हा इथं, वरच्या अंगाला."

"आणि दुसरा?"

आदिनाथ खाली वाकला. "हा… हा तर बाजूला हाय. चार बोटं."

"नीट बघ."

"चार बोटं, मिस्त्री. एका रेषेत नाय."

मिस्त्रीनं आपलं बोट त्याला धरायला लावून दोन्ही खुणांवरून फिरवून घेतलं. मग पिटमधल्या उलट्या डब्यावर बसला. वर रस्त्यावरून रिक्षा गेल्या, कुणीतरी पंक्चर काढणाऱ्याला हाक मारत होतं.

"दिवाळीत क्लच प्लेट टाकली," तो म्हणाला. "तेव्हा शाफ्ट मीच उतरवला. मीच चढवला. दुसऱ्या कुणाचा हात नाय लागला."

आदिनाथनं बॅटरी विझवली.

"दोन वर्षं झाली. उजव्या डोळ्यापुढं धुकं. डावा बी तिकडंच चाललाय. मोतीबिंदू म्हणत्यात. ऑपरेशन करावं तर पंधरा दिवस पट्टी, आणि मिस्त्रीला दिसत नाय ही बोंब अख्ख्या वाळूजला. मग गाडी कोण देईल मला?" त्यानं बोळा पिळून बाजूला ठेवला. "तुला दोन महिने लोकांनी येड्यात काढलं. मी बी काढलं. चूक माझ्या हातची व्हती."

आदिनाथची मूठ खिशात होती. सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. इथं, खड्ड्यात, बाहेरचं कुणी नव्हतं. पण तोंड उघडलं तर भलतेच शब्द निघाले. "क्रॉस नवा टाका, मिस्त्री. आणि रबर."

संध्याकाळी पाचला तात्यासाहेब आले. मिस्त्री हात पुसत उभा होता, खाली बघत.

"काय निघालं?"

आदिनाथकडं उत्तर होतं. दोन महिने ज्यांनी तोंडावर हसून घेतलं त्या सगळ्यांना पुरेल एवढं उत्तर. त्यानं मिस्त्रीकडं एकदा बघितलं.

"शाफ्टचा क्रॉस गेला व्हता, मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं व्हतं. वर ग्रीस बसलेलं. दिसत नव्हतं."

"म्हंजे व्हतंच तर काहीतरी," तात्यासाहेब म्हणाले, आणि आदिनाथच्या पाठीवर थाप मारून आपल्या गाडीत बसले. तेवढ्यावर विषय मिटला.

नवा क्रॉस बसला, बाण एका रेषेत आले आणि सोमवारी तो माल भरून निघाला. सावंगी गेली. सत्तर. बहात्तर. पंच्याहत्तर. चढावर रेस दाबून बघितली. आरसा दगडासारखा थिर. मागून येणारी प्रत्येक गाडी एकच दिसत होती. अठरा टन माल काँक्रीटवरून पाण्यातल्या होडीसारखा चालला होता. मोठ्यानं काहीतरी म्हणावंसं त्याला वाटलं.

आणि मग, का कोण जाणे, त्यानं उजवा हात स्टेअरिंगवरून उचलला आणि काचेसमोर धरला.

करंगळी थरथरत होती. तिच्या शेजारचं बोटही.

गाडी शांत होती. आता दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. बुटीबोरीपर्यंत तो पाच तास त्या हाताबरोबर एकटा बसून गेला, आणि साऱ्या वाटेत एवढंच ठरवू शकला की हे कुणाला सांगायचं नाही.

घरी आल्यावर ज्ञानेश्वरीनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि समोर बसली.

"मिस्त्रीनं गाडी नीट केली म्हणं."

"व्हय."

"मग हात दाखवा."

त्यानं मान वर केली.

"संक्रांतीला मला तिळगूळ देताना तुमच्या हातून सांडला, तवाच कळलं मला. म्हटलं, आपणहून सांगताल. किती दिस झाकणार?"

तो भडकला, मग जेवला. बुधवारी तिनं कँटीनमधून सुट्टी काढली आणि दोघं सरकारी घाटी दवाखान्यात गेले. केसपेपरच्या रांगेत दीड तास, मग आणखी एक रांग. डॉक्टरीण तरुण होती, थकलेली, पण घाई न करणारी. तिनं त्याला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल गोल वाढत जाणारी रेघ काढायला लावली. वडिलांचं विचारलं. मग लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता?"

"मेंढरं राखतो," आदिनाथ म्हणाला.

पेन कागदावर टेकलं.

"ट्रक चालवतात," ज्ञानेश्वरी म्हणाली. "वाळूज ते नागपूर. अठरा टनाचा."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. आदिनाथ भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला.

"वडिलांचंच दुखणं आहे असं आज मी म्हणणार नाही," ती शेवटी म्हणाली. "नाहीच असंही म्हणणार नाही. तपासण्या करू, गोळी सुरू करू, जूनमध्ये परत बघते. तोपर्यंत ट्रक नको. आणि वडिलांनाही आणा. इतकी वर्षं तसंच ठेवायला नको होतं."

बाहेर निंबाच्या झाडाखाली तो बायकोवर तुटून पडला. "काय गरज व्हती सांगायची? एका वाक्यात मला घरी बसवलं तू!"

ज्ञानेश्वरी रडली नाही. तिनं पदर कमरेला खोचला. "आप्पांच्या हातातनं कातर सुटली तर मेंढीला लागलं. तुमच्या हातातनं काय सुटंल, आणि कुणाला लागंल?"

त्याला बाटली आठवली, कंटेनरचं दार आठवलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो तिथंच कट्ट्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. ती शेजारी उभी राहिली, लोक त्यांना वळसा घालून जात राहिले.

तात्यासाहेबांना त्यानं स्वतः जाऊन सांगितलं, कागद पुढं ठेवून. त्यांनी कागद दोनदा वाचला. "जूनपर्यंत यार्डात थांब," ते म्हणाले. "गेटावर. गाडी भरली की दोर-ताडपत्री बघायची, टायर बघायचे, मग सोडायची. पुढचं पुढं बघू." पुढचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आदिनाथनं विचारलं नाही. किल्ली बन्सीनं घेतली. 

यार्डाला चारी बाजूंनी पत्र्याचं कंपाउंड आहे. आदिनाथ सकाळी आठला तिथं जातो. एकवीस वर्षं ज्यानं एका जागी दोन तास काढले नाहीत तो माणूस दिवसभर त्या पत्र्यांच्या आत उन्हाबरोबर खुर्ची सरकवत बसतो. गोळ्या वेळेवर घेतो. हात कधी थांबतो, कधी नाही. मल्हाररावांना घाटीत न्यायचं कसं, एसटीनं की कुणाच्या जीपनं, यावर माय आणि ज्ञानेश्वरीचं फोनवर चालू असतं.

एप्रिलच्या शेवटी सांडू मिस्त्री यार्डात आला. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. गॅरेजला पंधरा दिवस कुलूप होतं आणि कारण आता अख्ख्या वाळूजला ठाऊक होतं. तो आदिनाथच्या शेजारी स्टुलावर बसला.

"तू गाडी सोडली असं ऐकलं. कशानं?"

आदिनाथनं खिशातून हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला. मिस्त्रीनं चष्मा वर करून, डाव्या डोळ्यानं, जवळ वाकून बघितलं. गाडीकडं बघावं तसं बघितलं. ह्या वेळी मात्र त्यानं कशाचंच निदान केलं नाही.

"डॉक्टर काय म्हणतोय?"

"जूनमध्ये बोलावलंय. मग सांगणार."

"जून काय लांब नाय."

"लई लांब हाय, मिस्त्री."

मिस्त्रीनं मान हलवली.  आत एक गाडी भरून झाली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि आदिनाथ उठून टायर बघायला गेला.